पायलीने मोजताना सांडलेलं चिपटं

आटगावच्या फलाटावर कुणालाही विचारा, कसारा लोकल कितीची? उत्तर मिनिटात मिळेल. सेकंद कुणी सांगत नाही. संगणकाला मात्र सेकंदाचा चुराही लागतो.

समजा, शहापूर तालुक्यातल्या एका भात खरेदी केंद्रावर दोन कारकून एकाच शेतकऱ्याची नोंद उघडून बसलेत. एकाची दुरुस्ती दुसऱ्याने नकळत पुसू नये म्हणून नोंदीवर वेळेचा शिक्का असतो. बदल जतन करताना प्रोग्राम डेटाबेसला विचारतो, 'मी उघडली तेव्हाचा शिक्का अजून तोच आहे ना?' नसेल तर 'नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली' म्हणून काम परत.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सेकंदाचे १० लाख भाग सांभाळतो. शिक्का पडला १०:१५:४२.१२३४५६. इकडे प्रोग्रामरने शंभर तक्त्यांचा कोड हाताने लिहायचा कंटाळा केला (कोण करणार नाही?) आणि डेटाबेसच्या मॅपिंगवरून आपोआप कोड लिहिणारं साधन चालवलं. साधनाला रकान्यात फक्त 'वेळ' दिसली. त्याने जावा या प्रोग्रामिंग भाषेतला जुना 'डेट' प्रकार निवडला. तो १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मोजतो, म्हणजे सेकंदाचे फक्त हजार भाग. पायलीने मोजलं, चिपटं सांडलं: शेवटचे ४५६ गेले. आता .१२३ आणि .१२३४५६ जुळायचे कसे? केंद्रावर एकटाच कारकून असला तरी 'दुसऱ्या कुणीतरी' बदल केल्याचा आरोप होणार.

चाचणीत हे का सापडत नाही? कारण तिथे शिक्का बहुधा प्रोग्रामच मारतो, मिलिसेकंदातला. शेवटी तीन शून्यं. ती सांडली तरी कळत नाही. प्रत्यक्ष कामात डेटाबेस स्वतः शिक्का मारू लागला की बिंग फुटतं.

प्रत्येकाचं माप निराळं, हे खरं दुखणं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा साधा 'डेटटाइम' रकाना आजही पूर्ण सेकंदच ठेवतो. अपूर्णांक हवा तर कंसात आकडा द्यावा लागतो, आणि ही सोयही ५.६.४ आवृत्तीपासूनची. एसक्यूएल सर्व्हरचा जुना 'डेटटाइम' तर सेकंदाचे ३०० भाग करतो, त्यामुळे मिलिसेकंदाचा शेवटचा आकडा नेहमी ०, ३ किंवा ७. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या जुन्या सौदा-नोंदींत सेकंदाचे ६५,५३६ भाग असत. तिथे भाव सारखा असेल तर आधी आलेल्या ऑर्डरचा नंबर आधी लागतो, म्हणजे चुऱ्यालाही किंमत.

जावातच 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार नॅनोसेकंदापर्यंत जातो. साधनाला तेवढं बजावून सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर अशा राखणीला घड्याळ लावूच नये. नोंद बदलली की आकडा एकाने वाढवायचा: १, २, ३. त्याला दशांश चिन्हच नाही.