आम्लरोधक औषधे आणि ब-१२ ची न्यूनता

हातापायांना मुंग्या, जिभेचा दाह व दौर्बल्य घेऊन आलेल्या रुग्णाची वातव्याधी वा पांडू म्हणून चिकित्सा आरंभण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, असे आम्ही सुचवू इच्छितो : 'ॲसिडिटीची गोळी किती वर्षांपासून घेत आहात?'

अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व प्रथिनांशी बद्ध असते. जठरातील आम्ल व पेप्सिन ते मुक्त करतात. त्यानंतरच लघ्वांत्राच्या अंतिम भागात त्याचे शोषण होऊ शकते. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल आदी औषधे आम्लस्राव रोखतात व ही पहिलीच पायरी दुर्बल होते. यकृतातील साठ्यामुळे न्यूनता मात्र विलंबाने प्रकटते. उत्तर कॅलिफोर्नियातील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे दोन वा अधिक वर्षे घेणाऱ्यांत न्यूनतेची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. शाकाहारी व मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांविषयी विशेष सावध असावे.

अग्नी मंद असता उत्तम आहारही धातुपोषण करीत नाही, हा आपला सिद्धांत येथे आठवतो. तथापि त्याच्या आधारे गोळी अकस्मात बंद करविणे अनुचित होय. त्याने आम्लस्राव उसळतो. ॲस्पिरिन घेणाऱ्यास वा पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेल्यास गंभीर अपाय संभवतो. गोळी देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा आणि रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. औषधरूपातील ब-१२ प्रथिनबद्ध नसल्याने आम्लाविनाही शोषले जाते.

निदानास उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. केवळ तैलाभ्यंगाने ती भरून निघत नाही.