घरच्या जुन्या मोटारीस नवें बळ

पातेल्याची कल्हई उडाली म्हणून कोणी शहाणी गृहिणी पातेलेंच मोडींत घालीत नाहीं. तें कल्हई करवून पुन्हां चुलीवर चढविते. घरच्या मोटारीच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण सहसा विसरतों. डिसेंबर १९८३ मध्यें जी मारुति ८०० प्रथम रस्त्यावर आली व जिचें उत्पादन जानेवारी २०१४ मध्यें थांबलें, ती अजूनहि कित्येक एकत्र कुटुंबांच्या दारांत उभी असते. आजोबांना दवाखान्यांत व नातवंडांना शिकवणीस तीच पोंचविते. परंतु ती चढावर धापा टाकूं लागली, कीं तरुण मंडळी म्हणतात, "रुंद टायर घाला, सायलेन्सर बदला", वडील म्हणतात, "विकून टाका." थोड्या खर्चाचा एक तिसरा मार्ग आहे, तोच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम या गाडीची प्रकृति ध्यानांत घ्यावी. तिचें इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचें, बहुतेक गाड्यांत शक्ति सुमारें ३७ अश्वांची, आणि रिकाम्या गाडीचें वजन सुमारें ६५० किलो. चार प्रौढ माणसें व त्यांचें सामान चढलें, कीं हें ओझें जवळ जवळ निम्म्यानें वाढतें. तेव्हां डिकींत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या वस्तु व टपावरील रिकामें कॅरियर उतरविणें ही पहिली सुधारणा होय. तीस एक पैहि लागत नाहीं.

त्यानंतर इंजिनाच्या श्वासाकडे वळावें. एअर फिल्टर धुळीनें कोंदला, तर कार्ब्युरेटरच्या गाडींत पेट्रोलाचें प्रमाण वाढून धूर व खर्च दोन्ही वाढतात. इंजेक्शनच्या गाडींत उचल कमी होते. नवा फिल्टर, योग्य अंतर राखलेले नवे प्लग आणि माहितगार हातानें केलेली टॅपेटची जुळणी, एवढ्यानेंच हरवलेली उचल पुष्कळ वेळां परत येते. भारी किमतीचे इरिडियम प्लग अधिक काळ टिकतात हें खरें. परंतु निरोगी इंजिनाची शक्ति त्यांनीं जाणवण्याइतकी वाढत नाहीं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर शेजाऱ्यांची झोंप मात्र घेतो.

येथें पेट्रोलाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलची उष्णता लिटरमागें पेट्रोलाच्या सुमारें दोन तृतीयांशच असल्यामुळें हें मिश्रण शुद्ध पेट्रोलाहून सहा-सात टक्के उणें भरतें. म्हणून मायलेज थोडें घटलें तर इंजिनास दोष देऊं नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं जुन्या रबरी नळ्या अशा इंधनासाठीं केलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, तडकतात. आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे आगीस आमंत्रणच. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या व क्लिपा बसविण्याच्या कामीं चालढकल करूं नये.

धांवणारी गाडी थांबलीहि पाहिजे. वेग ताशीं ६० किलोमीटरांवरून ८० झाला, कीं गतीचा जोर पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि तो सर्व ब्रेकांनीं गिळावयाचा असतो. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. 'डॉट ३' जातीचें कोरडें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. घाट उतरतांना तें उकळलें, तर पाय पेडलवर असूनहि ब्रेक लागत नाहीं. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. टायर रुंद घेण्यापेक्षां मूळ मापाचेच, पण ताजे घ्यावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकीं पहिले दोन आठवडा व पुढले दोन वर्ष सांगतात. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.

रात्रीच्या प्रवासासाठीं पुढल्या दिव्यांना रिले बसवावा. जुन्या गाडींत दिव्यांचा प्रवाह लांब तारांतून व झिजलेल्या स्विचांतून जातो आणि विजेचा दाब वाटेंतच उतरतो. दाब १० टक्के घटला, तर प्रकाश सुमारें ३० टक्के घटतो. रिले व फ्यूज घालून बॅटरीपासून सरळ तार नेली, कीं तेच बल्ब उजळतात. अधिक वॉटचे बल्ब घालून होल्डर वितळविण्याचें कारण उरत नाहीं.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीच्या मूळ तपशिलांशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं. वर सांगितलेल्या गोष्टी मूळचे गुण परत आणणाऱ्या असल्यामुळें १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळीं त्या साहाय्यकच होतात. मात्र खालचा सांगाडा गंजानें पोंखरला असेल, तर ममता बाजूस सारून गाडीस निरोप द्यावा. या गाडींत एअरबॅग नाहीं, हेंहि विसरूं नये. तिला महामार्गावर शर्यतीस लावणें म्हणजे घरचीं माणसें पणास लावणें होय.

तेव्हां ज्यांच्या हातांत घराचा हिशेब आहे त्यांस आमची सूचना इतकीच, कीं पहिला पैसा ब्रेकांवर व पेट्रोलाच्या नळ्यांवर, दुसरा टायर व दिव्यांवर, आणि उरला तर इंजिनावर खर्चावा. हा क्रम उलटा करूं नये.