वाऱ्यावरून समुद्रात जाणारे विष

शेतात फवारलेले औषध सगळेच पिकावर राहते, हा समज बरोबर नाही. डी. डी. टी., लिंडेन, एंडोसल्फान यांसारख्या क्लोरीनयुक्त सेंद्रिय औषधांचा काही अंश तापलेल्या जमिनीतून वाफरूपाने उडतो, काही धुळीला चिकटून वाऱ्याबरोबर जातो. पुढे पावसाबरोबर तो समुद्रावर उतरतो. कोरड्या हवेतूनही पाण्यात शिरतो. ज्या गावाने फवारणीचा पंपही पाहिला नाही, त्याच्या खाडीतही म्हणून हे विष पोहोचू शकते.

पाण्यात ही द्रव्ये फारशी विरघळत नाहीत. चरबीत मात्र सहज विरघळतात. खरी अडचण येथेच आहे. पाण्यातील अत्यल्प अंश सूक्ष्म प्लवक शोषून घेतात, प्लवकांना लहान मासळी खाते, तिला सुरमईसारखी मोठी मासळी खाते, आणि प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते.

भारतात डी. डी. टी. चा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. तरीही जमिनीत व खाडीच्या गाळात मुरलेला अंश वर्षानुवर्षे टिकतो. गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा असल्यास तो ओढ्यात रिकामा करू नये, प्लास्टिकच्या कचऱ्याबरोबर जाळूही नये. अशा धुरातून डायॉक्सिन ही तितकीच चिवट विषे निघतात. असा साठा आढळल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत तालुका कृषी अधिकाऱ्यांस कळवावे.