मानेला हिसका बसला, एक्स-रे काढायचा का?

वाकण-पाली-खोपोली रस्त्यावर बाइक चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी हे बंद करा. घरी गेल्यावर ऐका.

चतुर्थीच्या गर्दीत मागून कुणाची तरी गाडी हळूच ठोकली, मान दुखायला लागली. घरचे म्हणतात, "एक्स-रे काढूनच ये." दरवेळी लागतो का? नाही.

२००१ साली कॅनडातल्या इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी ८,९२४ रुग्ण अभ्यासून एक नियम मांडला. तो पूर्ण शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. डॉक्टर आधी तीन गोष्टी बघतात. वय ६५ किंवा जास्त आहे का? हातापायांना मुंग्या येतायत का? मार जोराचा होता का? जोराचा म्हणजे तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर आपटणं, गाडी उलटणं, गाडीतून फेकलं जाणं, सायकलची धडक. म्हणजे सरसगडाच्या पायऱ्यांवरून गडगडलात तर विषयच संपला, तपासणी हवीच. बाइकवरून उडालात तरी तेच समजा.

यातलं काहीच नाही? मग दिलासा देणाऱ्या खुणा बघायच्या: साधी मागून धडक, माणूस बसू शकतो, चालला आहे, दुखणं उशिरा सुरू झालं, किंवा मानेच्या मधल्या हाडावर दाबल्यावर दुखत नाही. एक जरी असली, तर डॉक्टर मान स्वतःहून डावी-उजवी ४५ अंश फिरवायला सांगतात. जमली, तर एक्स-रे नको. नाही जमली, तर काढायचा. एकही खूण नसेल, तर मान फिरवून बघायचीच नाही, थेट फोटो.

हे घरी करून बघू नका हं! आणि दारूमुळे किंवा इतर कारणाने पूर्ण भान नसलेल्या माणसाला हा नियम लागूच होत नाही. त्याला मान दुखतेय हे कदाचित कळणारच नाही.

अजून एक. साध्या एक्स-रेत खांद्यांमुळे मानेचा खालचा मणका बऱ्याचदा झाकला जातो. म्हणून धोका जास्त वाटला तर सीटी स्कॅन करतात. डॉक्टरांनी अलिबागला पाठवलं, तर "एक्स-रेत काही नाही ना" म्हणून टाळू नका.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ लावा. श्वास नीट असेल तर हेल्मेट ओढू नका. डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवा, पाणी पाजायला उठवून बसवू नका.