अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ते वाढत नाही की घटत नाही. पण ज्या घरातला मुलगा तिकडे आहे, त्या घराने किलोमीटर घेऊन काय करायचे? तिथे हिशेब तासांचा; आणि तास व्याजदरासारखे, सदा बदलते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघाले ते कैरो, जिनिव्हा करीत. न्यूयॉर्क १९६० मध्ये जोडले गेले, तेही लंडनमार्गे. आता थेट विमान जाताना सोळा तासांच्या आसपास घेते; येताना पश्चिमेचे जोरदार वारे पाठीशी असल्याने तासभर तरी वाचतो.

नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग सापडत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा; तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया असा उत्तरेकडे चढतो. म्हणजे किती शेजाऱ्यांची मर्जी सांभाळायची! २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमानांना आकाश बंद केले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. मग वळसा आला, जास्त इंधन आले.

आणि एखाद्या रात्री सांगलीच्या घरात वडील जातात. फोनवर मुलगा म्हणतो, “थांबा, उद्या पोचतो.” तिकीट मिळणे, विमानतळ, पंधरा तास आकाशात, पुढे मुंबईहून मोटारीने आणखी सात-आठ. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून जाणता शेजारी आधी विचारतो, “उद्या म्हणजे तुझा, की आमचा?” बर्फाच्या लाद्या किती मागवायच्या, ते त्यावर ठरते.