दोन इंजिनांचे विमान का पडते?

मोटार अपघाताचे दावे चालवताना एक वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की ते आता पाठ झाले आहे : ‘चालकाने हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालविल्याने अपघात घडला.’ फिर्याद या वाक्याने सुरू होते आणि बहुतेक वेळा तपासही याच वाक्यावर संपतो. ब्रेक कोणी तपासले होते, चालक किती तास झोपला नव्हता, गाडीत माल किती भरला होता, हे कोणी विचारत नाही. विमान पडले की हेच वाक्य जरा सुशिक्षित होऊन येते. त्याला ‘मानवी चूक’ म्हणतात.

२८ जून २०१८ रोजी दुपारी, ऐन पावसाळ्यात, जुहू विमानतळावरून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० हे छोटे विमान घाटकोपर पश्चिमेला एका बांधकामाच्या जागी कोसळले. विमानात दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन कर्मचारी होते. चौघेही गेले. पाचवा बळी विमानात नव्हताच. तो रस्त्याने चाललेला एक माणूस होता. त्याने तिकीट काढले नव्हते, विमान निवडले नव्हते, हवामानाचा अंदाज पाहिला नव्हता. तरीही त्या उड्डाणाची किंमत त्यानेही मोजली.

त्यावेळी अनेकांनी आम्हाला विचारले, ‘विमानाला तर दोन इंजिने होती. एक बंद पडले तर दुसऱ्यावर चालायला नको का?’ प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात या जातीच्या विमानांचा सगळा अपघाती इतिहास सामावलेला आहे.

बैलजोडीचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. भरलेली बैलगाडी चढाला लागली आहे आणि जोडीतला डावा बैल बसला. गाडी निम्म्या वेगाने पुढे जाते का? नाही. उजवा बैल ओढतो आणि गाडी डावीकडे फिरते. बसलेला बैल आता ओढत तर नाहीच, उलट जू अडवून धरतो.

छोट्या विमानाची दोन इंजिने दोन पंखांवर असतात. एक बंद पडले की चालू इंजिन विमानाचे नाक मेलेल्या इंजिनाकडे वळवते. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहिला तर तो लोढण्यासारखा मागे ओढतो. हे वळण शेपटीवरच्या सुकाणूने, म्हणजे रडरने, थोपवायचे असते. पण सुकाणूला जोर मिळतो तो समोरून येणाऱ्या वाऱ्याचा, म्हणजे वेगाचा. एका ठरावीक वेगाच्या खाली पायाने कितीही दाबले तरी सुकाणू पुरे पडत नाही. विमान वळते, कलंडते आणि काही क्षणांत पाठीवर उलटे होते. म्हणून अशा विमानांच्या वेगमापकावर एक लाल रेघ असते : या वेगाच्या खाली एका इंजिनावर ताबा राहणार नाही. दुसरी रेघ निळी असते : एका इंजिनावर चढायचे तर हाच वेग धरा. या दोन रेघांमध्ये वैमानिकाचा जीव टांगलेला असतो.

दुसरा हिशेब ताकदीचा. दोनांपैकी एक इंजिन गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली, हे खरे. पण वर चढायला लागते ती उडत राहण्यासाठीची ताकद वजा जाऊन उरलेली शिल्लक. महिन्याचा पगार निम्मा झाला तर बचत निम्मी होत नाही, ती जवळजवळ संपते. तसेच इथे होते. एक इंजिन गेल्यावर चढण्याची क्षमता ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. भर उन्हाळ्यात हवा विरळ झालेली असेल, वजन काठोकाठ असेल, तर चढणे शून्यावर येते. आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला माहीत नसते. अमेरिकी नियमांखाली प्रमाणित झालेल्या, सुमारे २,७०० किलोपर्यंतच्या अनेक जुन्या दोन इंजिनी विमानांना एका इंजिनावर चढता आलेच पाहिजे, अशी अटच नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७९ मध्ये याच विषयावर, म्हणजे इंजिन बंद पडल्यानंतर छोट्या दोन इंजिनी विमानांना झालेल्या अपघातांवर, वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडून झालेले अपघात एका इंजिनाच्या विमानापेक्षा दोन इंजिनी विमानात अधिक जीवघेणे ठरतात, हे त्यातून पुढे आले. कारण उघड आहे. एकच इंजिन असलेल्या वैमानिकाला पर्याय नसतो; तो विमान ताब्यात ठेवून समोरच्या शेतात उतरवतो. दोन इंजिनांचा वैमानिक उडत राहण्याचा प्रयत्न करतो, वेग घालवतो आणि ताबाही घालवतो. ३० जून २०१९ रोजी टेक्सासमधील अ‍ॅडिसन येथे किंग एअर ३५० विमान उडता उडता डाव्या इंजिनाचा जोर गेला. तपासात दिसले की पहिल्या क्षणी सुकाणू चुकीच्या बाजूला दाबले गेले होते. दहा माणसे मेली. योग्य पाय आणि चुकीचा पाय यांत फरक दोन सेकंदांचा असतो. ते दोन सेकंद सरावातूनच कमवावे लागतात.

इंजिने चालू होती, तरीही

पण इंजिन बंद पडणे हा या कहाणीचा लहान भाग आहे. गाजलेले अपघात काढून पाहिले तर अनेकांत इंजिनाचा दोष सापडतच नाही.

३० सप्टेंबर २००१. मूळच्या सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याचे माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले होते. त्यांचे किंग एअर सी-९० खराब हवामानात उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात कोसळले. चार पत्रकारांसह आठ जण गेले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला बहामा बेटांवरून उडालेले सेस्ना ४०२ विमान धावपट्टीच्या टोकाजवळच पडले आणि गायिका आलिया हिच्यासह नऊ जण मेले. तिथे वजन मर्यादेपेक्षा शेकडो किलो जास्त होते आणि सामान मागे भरल्याने तोलही मागे गेलेला होता. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २००२ रोजी, अमेरिकन सिनेटर पॉल वेलस्टोन यांचे किंग एअर मिनेसोटात उतरताना पडले. निष्कर्ष : वैमानिकांनी वेग राखला नाही.

२२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर दिल्लीहून रांचीला जायला उडाले आणि विमानतळाच्या भिंतीजवळच कोसळले. हेलिकॉप्टर दुरुस्तीला निघालेल्या तंत्रज्ञांसह दहा जण गेले. चौकशीने बोट ठेवले ते ऑटोपायलटवर : धुक्यात, पुरेशी उंची गाठण्याआधीच, दिशेची कळ न निवडता तो चालू केला गेला आणि विमान डावीकडे कलत गेले तरी ते सावरले गेले नाही. २१ फेब्रुवारी २०१७ ला मेलबर्नजवळच्या एसेंडन येथे किंग एअर बी-२०० एका खरेदी संकुलावर पडले. पाच जण गेले. सुकाणूची तोल साधणारी छोटी चाकी एका टोकाला फिरलेली राहिली होती. उड्डाणापूर्वीच्या तपासयादीत ती पाहायची होती, पाहिली गेली नाही. दुकाने उघडायची होती म्हणून जमिनीवरची माणसे वाचली. २०१९ मध्ये अमेरिकेतील कोकोमो येथे पेट्रोलवर चालणाऱ्या दोन इंजिनी एरोस्टारमध्ये जेटचे इंधन भरले गेले. इंजिने दोन असली तरी टाकीत इंधन एकच भरले जाते. चुकीचे भरले तर दोन्ही इंजिने बंद पडतात.

आणि घाटकोपर? विमान अपघात तपास विभागाच्या अहवालात इंजिन निकामी झाल्याचे कारण नाही. खालावलेले हवामान, उपकरणांवरून डोळ्यांच्या भरवशावर येताना झालेला दिशाभ्रम, दोन इंजिनांच्या जोरात नकळत पडलेला फरक आणि त्यातून विमानाचा पंखांचा आधार सुटणे, अशी ती साखळी आहे. त्याच्या पुढचे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत. डोळ्यांनी पाहून उडण्यासाठी जे किमान हवामान लागते त्यापेक्षा वाईट हवेत उड्डाण केले गेले, आणि वैमानिकांची जोडी योग्य नव्हती.

नाही म्हणण्याचा अधिकार

जोडी योग्य नव्हती, हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. वैमानिकांची जोडी वैमानिक स्वतः ठरवत नाही, ती कार्यालयात ठरते. चाचणी आजच करायची की उद्या, हेही बहुतेक वेळा तिथेच ठरते. मग शेवटची चूक कॉकपिटमध्ये झाली म्हणून सगळी चूक कॉकपिटची कशी?

मोठ्या विमान कंपन्यांनी हा धडा रक्त सांडून घेतला. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून ५८३ माणसे मेली. त्यानंतर १९७९ पासून कॉकपिटमधल्या उतरंडीचा अभ्यास सुरू झाला. वरिष्ठ चुकत असेल तर कनिष्ठाने बोलले पाहिजे आणि वरिष्ठाने ऐकले पाहिजे, हे प्रशिक्षणाचा भाग झाले. छोट्या विमानांच्या जगात हे अजून पुरते पोहोचलेले नाही. तिथे मालक फोनवर असतो, प्रवासी मोठा माणूस असतो, सभा खोळंबलेली असते. कधी वैमानिक एकटाच असतो. ‘साहेब, आज नको’ म्हणणाऱ्याची नोकरी उद्या राहील याची हमी कोण देतो?

उलटे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून उडालेल्या एका हवाई रुग्णवाहिकेचे चाक उड्डाणाच्या वेळी निखळले. तेही किंग एअर सी-९० होते. धावपट्टीवर पहाऱ्याला असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाने ते पाहिले आणि तत्काळ नियंत्रण कक्षाला कळवले. पहारेकऱ्याला विमानातले काय कळते, असे म्हणून कोणी त्याला उडवून लावले नाही. विमान मुंबईला आणून पोटावर उतरवले गेले. पाचही जण सुखरूप. विमानाची जात तीच, पण इथे खालच्या माणसाचे बोलणे वरपर्यंत पोहोचले.

जमिनीवरचा माणूस

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमान अपघाताच्या तांत्रिक चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे; दोष वा दायित्व ठरवणे हा नाही. वकील असूनही आम्हाला हे तत्त्व मान्य आहे. तुरुंगाची भीती घातली तर कोणी खरे सांगणार नाही. पण मग ज्याचे माणूस गेले त्याच्यासाठी दुसरे दार उघडे हवे. ट्रकखाली मेलेल्याच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. अंगावर विमान पडून मेलेल्याच्या वारसांना तसे न्यायाधिकरण नाही. त्यांच्या हातात १८५५ चा घातक अपघात कायदा आणि दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या येतात.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. छोट्या विमानाच्या प्रत्येक वैमानिकाला सिम्युलेटरवर इंजिन बंद पडण्याचा सराव ठरावीक काळाने सक्तीचा करा. सुरक्षेच्या कारणावरून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला आणि तंत्रज्ञाला लेखी संरक्षण द्या. चौकशी अहवालात वैमानिकाच्या चुकीइतकीच जागा उड्डाणाचा आदेश देणाऱ्याच्या निर्णयाला द्या. अहवालाचा सारांश अपघातस्थळाच्या लोकांच्या भाषेत काढा. आणि जमिनीवरच्या मृताच्या वारसांना दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई मिळेल, असा कायदा करा.

‘मानवी चूक’ हे उत्तर आम्हाला नाकारायचे नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की कोणत्या मानवाची? सुकाणूवर पाय ठेवणाऱ्याची, की पाऊस दिसत असूनही ‘जा’ म्हणणाऱ्याची? घाटकोपरच्या त्या पाचव्या माणसाला तर पायाखाली सुकाणू नव्हते आणि हातात आदेशही नव्हता. त्याच्या वारसांना या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ही चौकशी पुरी झाली, असे आम्ही मानणार नाही.