मिळकत अधूनमधून, म्हातारपण मात्र रोजचं

मैत्रिणींनो, “दर महिन्याला अमुक इतके टाका” हा सल्ला आपण किती वेळा ऐकतो! पण आपल्यातल्या कितीतरी जणींना महिन्याचा पगार असतोच कुठे? शिकवण्या जून ते मार्च. ब्लाउज शिवणारीला दिवाळी आणि लग्नसराई. पापड-कुरडया करणारीचं सारं वर्ष उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांवर. आणि माझ्यासारखी तासिका तत्त्वावर शिकवणारी असेल, तर मानधन महिनोन्‌महिने थकायचं आणि मग एकदम हातात पडायचं. मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत.

असा एकरकमी पैसा फार लवकर जिरतो. फ्रीज, मुलांच्या फिया, नणंदेकडचं लग्न! “यांची पेन्शन येईलच की,” असं आपण म्हणतो. पण खाजगी नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. शिवाय पतीच्या पश्चात पत्नीला साधारण निम्मीच मिळते. तेव्हा आपली स्वतःची सोय हवीच.

पोस्टातलं आवर्ती खातं चांगलं, पण ते पगारदारांना. हप्ता ठरलेला, चुकला की दंड, आणि लागोपाठ चार हप्त्यांच्या वर चुकले की खातं खंडित. आपल्याला सोयीचं ते पीपीएफ. वर्षाला किमान ५०० रुपये भरले की खातं चालू राहतं, जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. एका वर्षी दोन हजार, पुढच्या वर्षी चाळीस हजार भरलेत तरी कोणी विचारत नाही. एखादं वर्ष अगदीच कोरडं गेलं, तर त्या वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा सुरू होतं. मुदत पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. खातेदाराच्या कर्जापोटी कोर्टाला यावर जप्ती आणता येत नाही, हे धंदा करणाऱ्या बहिणींनी विशेष ध्यानात ठेवावं. मात्र एक बघा हं, व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. म्हणून रक्कम पाच तारखेच्या आत भरावी.

पण आलेले सगळे पैसे तिथे कोंबू नका. सातव्या वर्षापर्यंत त्यातून रक्कम काढता येत नाही. आधी आपल्या रिकाम्या महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात बाजूला काढावा. तो भरला की मग हातात पडेल त्या प्रत्येक रकमेचा ठरावीक हिस्सा, माझ्या मते निदान पाचवा, त्याच आठवड्यात पीपीएफमध्ये. आकडा नव्हे, हिस्सा ठरवायचा. म्हणजे कमी मिळकतीच्या वर्षी ओढ लागत नाही.

लग्नाआधी किंवा मुलं होण्याआधी ज्यांनी नोकरी केली, त्यांनी कपाटातले जुने कागद जरूर काढावेत. दहा वर्षांहून कमी नोकरी झाली, तर पेन्शन फंडातली रक्कम काढून घेण्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागता येतं. पुढे पुन्हा नोकरी धरली, की जुनी वर्षं तीत मिळवली जातात. दहा वर्षं भरली, की ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. हो, आणि खातं उघडताना नाव आपलं एकटीचंच घालावं. पीपीएफमध्ये जोडखातं नसतंच, वारस तेवढा लावायचा.